दुर्मीळ जुने सोन्याचे मनगटी घड्याळ: पैसे मोजण्यापूर्वीची तपासणी

जुने सोन्याचे घड्याळ विक्रीला निघाले की बोलणे कॅरेट आणि ग्रॅमपासून सुरू होते. साध्या, चावीच्या ड्रेस वॉचची (समारंभात घालायच्या पातळ घड्याळाची) अठरा कॅरेटची केस, म्हणजे बाहेरचे धातूचे कवच, मशीन आणि काच काढून साधारण १० ते २० ग्रॅम भरते. १४ ग्रॅमची केस धरली तर तिच्यात शुद्ध सोने १०.५ ग्रॅम. मोडीत पैसे मिळतात ते एवढ्याचेच. संग्राहक त्याच्या कितीतरी पट रक्कम मोजतो ती तीन गोष्टींसाठी: कारखान्यात छापलेली तबकडी तशीच आहे, केसच्या कडा पॉलिशने खाल्लेल्या नाहीत, आणि आतले मशीन याच केसमध्ये बसवून विकले गेले होते. यांतली तबकडी गेली तर बाकी दोन गोष्टी शाबूत असूनही किंमत कोसळते.

म्हणून तपासणीचा क्रमही तबकडी, केस, शिक्के, मशीन आणि शेवटी कागद असाच ठेवावा. खालची माहिती मुख्यतः १९३० ते १९७० या काळातल्या स्विस मशीनच्या घड्याळांना लागू पडते. संग्राहकांपुढे येणारी बहुतेक सोन्याची मनगटी घड्याळे याच काळातली असतात.

हाताशी काय हवे

दहापट मोठे दाखवणारे भिंग आधी मिळवा. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग बहुधा तीन-चार पटीचेच असते. मशीन पाहायला ते पुरते, शिक्के आणि छपाई वाचायला कमी पडते. त्याशिवाय प्लॅस्टिकच्या जबड्याचे व्हर्नियर कॅलिपर (स्टीलचे जबडे सोन्यावर ओरखडा काढतात), ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, ३६५ नॅनोमीटरची अल्ट्राव्हायोलेट बॅटरी, तिरपा प्रकाश टाकायला एक छोटी पांढरी बॅटरी आणि टाइमग्राफर (मशीनचे ठोके ऐकून ते किती नेमके चालते ते दाखवणारे यंत्र). टाइमग्राफर स्वतःकडे नसेल तर विक्रेत्याकडून त्याच्या पडद्याचा व्हिडिओ मागता येतो.

आधी फोटो

घड्याळ दूरच्या शहरात असेल तर पहिली चाळणी फोटोंवरच होते. तबकडीचा एक फोटो समोरून आणि एक तिरप्या प्रकाशात मागा. केसच्या दोन्ही बाजू, चारही लग्ज (पट्टा अडकवायचे केसचे पाय) वरून आणि बाहेरच्या अंगाने, लग्जच्या मधली जागा, झाकणाची आतली बाजू, पूर्ण मशीन आणि मशीनवरचा नंबर हेही फोटो हवेत. काच चकाकवून, मऊ उजेडात काढलेले देखणे फोटो खरेदीच्या कामाचे नसतात, कारण त्या उजेडात ओरखडे आणि लाटा दोन्ही विरून जातात. झाकणाच्या आतला फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला तर पुढे जाऊ नये. घड्याळ उघडायला कुशल माणसाला दोन मिनिटे लागतात.

तबकडी

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. जुनी तबकडी डागाळली की ती घासून, नवा रंग देऊन, पुन्हा छापून घेण्याची पद्धत अनेक दशके सर्रास होती. तेव्हा ती दुरुस्तीच समजली जाई. आज त्याच कामाने घड्याळाची संग्राहकी किंमत जाते. पुन्हा रंगवलेली तबकडी ओळखायची ती अशी.

पहिल्यांदा कंपनीचे नाव भिंगाखाली वाचा. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात, शाई थोडी उचललेली दिसते आणि अक्षरांमधले अंतर सारखे असते. नव्या छपाईत जाड-बारीक रेषा एकसारख्या होतात, टोके गोलावतात. फ्रेंच हिज्जेतल्या 'जिनिव्हा' या शब्दातल्या एका स्वरावर तिरकी मात्रा असते. ती गाळलेली किंवा उलट दिशेला कललेली असेल तर छपाई कारखान्याची नाही असे बहुतेक वेळा धरता येते. मग सहाच्या आकड्याखालची अगदी बारीक 'स्विस' किंवा 'स्विस मेड' ही अक्षरे शोधा. मूळ तबकडीवर ती काठाला नेमकी बसवलेली असतात. पुन्हा छापताना ती राहून जातात, नाहीतर मिनिटांच्या रेषांवर चढतात.

नंतर मिनिटांचा ट्रॅक. प्रत्येक पाचवी रेघ तासाच्या खुणेच्या मध्याशी जुळली पाहिजे. तासाच्या सोन्याच्या खुणा तबकडीत पिनांनी बसवलेल्या असतात. रंगकाम करताना त्या न काढता वरून फवारा मारला असेल तर खुणेच्या पायथ्याशी लॅकरचा थेंब साचलेला दिसतो. सेकंदाच्या छोट्या तबकडीत गोल गोल बारीक चऱ्या असतात. मूळ तबकडीत त्या तिरप्या प्रकाशात रेकॉर्डच्या चऱ्यांसारख्या चमकतात, रंगवलेल्या तबकडीत त्या भरून गेल्याने मंद दिसतात. तबकडीच्या काठावर एखादी छोटी खाच असेल तर तीही टिपून ठेवा. रंगकाम करणारे कारागीर काम ओळखू यावे म्हणून अशी खाच पाडत.

पाटेक फिलिपच्या जुन्या तबकड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे नाव आणि रेषा धातूत कोरून, त्यात काळे इनॅमल भरून, भाजून पक्के केलेले असते. भिंगातून अक्षराचा काळेपणा काचेसारखा, किंचित उंच आणि कडेला धातूशी एकजीव दिसतो. अशा तबकडीचा गुण हा की ती काळजीपूर्वक स्वच्छ करता येते. धोका असा की वारंवार धुतल्याने किंवा घासल्याने इनॅमल झिजते, बारीक रेषा तुटक होतात आणि मग कोणीतरी त्यावर साधी शाई भरतो. शाई भरलेली रेष सपाट आणि थोडी पसरलेली दिसते. नावातली अक्षरे ठळक पण 'स्विस' जवळजवळ पुसलेले, अशी विसंगती दिसली की कुठेतरी हात फिरला आहे.

डाग असलेली मूळ तबकडी चकचकीत नव्या छपाईपेक्षा केव्हाही चांगली. मात्र डाग पटण्यासारखे हवेत. काठाकडून आत येणारा तपकिरीपणा म्हणजे ओल शिरल्याची खूण, आणि तसे असेल तर मशीनच्याही काठाला गंज शोधावा लागतो. तबकडीचा पोत सगळीकडे सारखा म्हातारा आणि काटे मात्र नवे कोरे, असे असेल तर काटे बदललेले आहेत. काट्यांची लांबीही पाहा: मिनिटाचा काटा मिनिटांच्या ट्रॅकला टेकलेला आणि तासाचा काटा तासाच्या खुणांच्या आतल्या टोकापाशी पोचलेला असावा. आखूड काटा बहुधा दुसऱ्या मॉडेलचा असतो.

चमकणारा रंग असलेली घड्याळे वेगळ्या सावधपणे हाताळा. साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात रेडियम असे, त्यानंतर ट्रिटियम आले. सहाच्या खाली 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' असेल तर ट्रिटियम. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाळ १२.३ वर्षे आहे, म्हणून १९६५ चे घड्याळ आज अंधारात स्वतःहून चमकू शकत नाही. अल्ट्राव्हायोलेट बॅटरी मारून विझवल्यावर ठिपके बराच वेळ प्रकाशत राहिले तर तो रंग नंतर भरलेला आहे. रेडियमही आज चमकत नाही, पण कारण निराळे: त्यातले झिंक सल्फाइड निकामी झालेले असते, रेडियम मात्र सुमारे १६०० वर्षांच्या अर्धायुष्यकाळाने तसाच किरणोत्सर्ग करत राहतो. असा रंग खरवडू नका, त्यावर फुंकर घालू नका. भुगा श्वासात जाणे हाच खरा धोका. १९७० च्या दशकातल्या काही तबकड्यांवर 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना ग्रीक सिग्मा अक्षर असते. त्याचा अर्थ खुणा किंवा काटे खऱ्या सोन्याचे आहेत, चमकणाऱ्या रंगाशी त्याचा संबंध नाही.

केस: पॉलिशने काय खाल्ले

सोने मऊ असते. प्रत्येक दुरुस्तीत 'जरा चमकवून देतो' म्हणत बफ फिरवला की लग्जच्या कडांवरून थोडा थर निघतो, आणि पन्नास-साठ वर्षांत असे पाच-सहा वेळा झाले की लग्जचा आकारच बदलतो. पॉलिश न झालेल्या केसची खूण तिच्या कडांत असते: वरची सपाट बाजू आणि तिरपी बाजू जिथे मिळतात तिथे सरळ, कोरडी रेष दिसते. पॉलिश झालेल्या केसमध्ये ती रेष लोण्यावर सुरी फिरवल्यासारखी विरघळते. चारही लग्ज वरून पाहून जाडीची तुलना करा. एक बारीक आणि तीन जाड अशी जोडी कारखान्यातून निघत नाही.

लग्जच्या भोकांकडेही लक्ष द्या. पट्ट्याची दांडी सोन्यात फिरत राहून भोक लांबट होते. भोक बाहेरच्या कडेजवळ पोचले असेल तर पट्टा केव्हाही निसटू शकतो. लेझरने भरलेले भोक किंवा नव्याने बांधलेला लग तिरप्या प्रकाशात रंगावरून कळतो, कारण भरलेल्या सोन्याचा तांबूसपणा क्वचितच नेमका जुळतो. गुलाबी सोन्यात तांबे जास्त असल्याने वर्षानुवर्षे त्यावर तपकिरी-लालसर झाक चढते. ती झाक खोलगट जागी टिकलेली असेल तर ती जपलेल्या केसची चांगली खूण समजावी.

मागच्या झाकणावर नाव-तारीख कोरलेली असणे हा दोष नाही. तारखेमुळे घड्याळाचे वय ताडून पाहता येते. कोरीवकाम घासून काढलेले झाकण मात्र टाळावे. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब झाकणावर फिरवून पाहा: मधोमध प्रतिबिंब आत ओढल्यासारखे वाकले तर तिथून धातू काढलेला आहे.

ओमेगाच्या जुन्या कॉन्स्टेलेशनमध्ये (हे मॉडेल १९५२ ला आले) झाकणावर वेधशाळा आणि आठ तारे असलेले पदक असते. वेधशाळेच्या घुमटाच्या रेषा स्पष्ट दिसतात की नुसता उंचवटा उरला आहे, यावरून झाकणाला किती पॉलिश लागले ते लगेच कळते.

आकाराने भुलू नका. १९४० आणि ५० च्या दशकांत ३७-३८ मिलिमीटरचे, दोन बटणांचे, तबकडीवर नुसते 'क्रोनोग्राफ स्विस' लिहिलेले सोन्याचे क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेली घड्याळे) मोठ्या संख्येने निघाले. शिक्का अठरा कॅरेटचा खरा असतो, पण केस पातळ पत्र्याची आणि लग्ज पोकळ असतात. आत बहुधा लँडेरॉनसारखे साधे मशीन असते. ही घड्याळे दुर्मीळ नाहीत आणि त्यांत सोनेही दिसते त्यापेक्षा खूप कमी असते.

शिक्के वाचणे

शिक्के झाकणाच्या आत, लग्जच्या बाहेरच्या किंवा खालच्या अंगाला आणि कधी केसच्या बाजूला असतात. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ पर्यंत अठरा कॅरेटला हेल्वेशियाचा, म्हणजे एका बाजूने दिसणाऱ्या स्त्रीच्या डोक्याचा, आणि चौदा कॅरेटला खारीचा शिक्का होता. १९९५ पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याचे डोके आले. १९५० चे म्हणून विकल्या जाणाऱ्या केसवर कुत्र्याचे डोके असेल तर ती केस नंतर बनली किंवा नंतर शिक्कामोर्तब झाली, आणि त्याचे उत्तर विक्रेत्याने द्यायला हवे. शुद्धतेचा आकडा अठराला ०.७५० असतो. चौदाला जुन्या केसवर ०.५८३ आणि नंतरच्या केसवर ०.५८५ दिसतो. किल्लीच्या आकारातला नंबर हा जिनिव्हाच्या केस बनवणाऱ्याचा. कोणत्या कंपनीला कोणता कारागीर केस पुरवत असे हे ठाऊक असेल तर हा नंबर फार उपयोगी पडतो.

फ्रान्समध्ये अठरा कॅरेटला गरुडाचे डोके, बाहेरून आलेल्या सोन्याला घुबड. ब्रिटिश केसवर चाचणी कार्यालयाची खूण (बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचे बिबट्याचे डोके) आणि वर्ष सांगणारे अक्षर असते. नऊ कॅरेटचा आकडा ०.३७५. स्विस मशीन आणि बर्मिंगहॅमच्या डेनिसनने बनवलेली नऊ कॅरेटची केस ही अस्सल जोडी आहे. तिला 'केस बदललेली' म्हणून नाकारू नका.

अमेरिकेत आयात कराच्या कारणाने अनेक स्विस मशीन नुसती मशीन म्हणून पाठवली जात आणि केस तिकडेच, बहुधा चौदा कॅरेटची, बनत असे. अशा मशीनवर बॅलन्सच्या पुलावर (डोलणाऱ्या चाकाला धरणाऱ्या पट्टीवर) तीन अक्षरी आयात खूण असते: ओमेगाची ओएक्सजी, लाँजिनची एलएक्सडब्ल्यू, रोलेक्सची आरओडब्ल्यू. ओएक्सजी खूण आणि अमेरिकन चौदा कॅरेटची केस हे जुळते. तीच खूण हेल्वेशियाचा शिक्का असलेल्या अठरा कॅरेटच्या स्विस केसमध्ये दिसली तर मशीन दुसरीकडून आल्याची शक्यता मोठी असते.

सोने नसलेली केस तिच्या शब्दांवरून कळते. 'गोल्ड फिल्ड', 'रोल्ड गोल्ड', 'प्लाके', '२० मायक्रॉन', '२० वर्षांची हमी' यांतले काहीही असले तर ती भरीव सोन्याची नाही. 'मागचे झाकण स्टेनलेस स्टील' असे लिहिलेले असेल तर वरचा भाग मुलाम्याचा किंवा सोन्याची टोपी (जाड सोन्याचा पत्रा) चढवलेला असण्याची शक्यता पहिली. मुलामा लग्जच्या टोकांना, क्राउनच्या (चावी देण्याच्या गुंडीच्या) बाजूला आणि झाकणाच्या कडेला आधी उडतो.

शिक्क्यावर संशय असेल तर एक्स-रे चाचणी करून घेता येते, पण ती वरचा अगदी पातळ थरच वाचते. जाड सोन्याची टोपी तिला भरीव सोने वाटू शकते. म्हणून वाचन झाकणाच्या आतून, लगच्या झिजलेल्या टोकावर आणि केसच्या आतल्या कडेवर असे तीन ठिकाणी घ्या. कसोटीवर घासणे जुन्या केसवर करू नये.

त्याहून खात्रीची आहे ती घनतेची चाचणी, पण तिच्यासाठी घड्याळजीने मशीन, काच, गॅस्केट आणि पट्ट्याच्या दांड्या काढलेल्या हव्यात. रिकामी केस कोरडी तोला, मग बारीक धाग्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोला. बुडबुडे अडकू देऊ नका. समजा कोरडे वजन १४.०० ग्रॅम आणि पाण्यात १३.०९. फरक ०.९१. १४ ला ०.९१ ने भागले की १५.४ येते, आणि अठरा कॅरेटचे पिवळे सोने १५ ते १६ च्या मध्ये बसते. चौदा कॅरेट १३ च्या आसपास. पितळ साडेआठच्या जवळ, त्यामुळे मुलामा इथे लपत नाही.

झाकण उघडताना

दाबून बसणाऱ्या झाकणाला कडेला एक बारीक ओठ किंवा खाच असते. केस-नाइफ तिथेच लावायची, दुसरीकडे लावली तर सोन्यावर कायमची खूण उमटते. स्क्रूच्या झाकणाला योग्य मापाची किल्ली हवी. झाकणाला आठ-दहा ठिकाणी खरडल्याच्या खुणा असतील तर आतही तसाच हात फिरलेला असतो. काही केसना मागून उघडणारे झाकणच नसते. तिथे काच काढून, दोन तुकड्यांची दांडी सोडवून मशीन पुढून काढावे लागते. विक्रेत्याच्या टेबलावर हे करू नका.

मशीन आणि केस एकमेकांचीच आहेत का

१९८० च्या जानेवारीत सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेले. त्याच सुमारास बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांमुळे चावीच्या घड्याळांची मागणी ओसरली होती, त्यामुळे असंख्य सोन्याच्या केस मोडीत निघाल्या. मशीन उरली आणि ती पुढे मिळेल त्या केसमध्ये बसवली गेली. चांगल्या सोन्याच्या केसमध्ये नंतर दुसरे मशीन घालण्याचे प्रकारही झाले. नंबर जुळवणे हे म्हणूनच या सगळ्या तपासणीतले दुसरे महत्त्वाचे काम.

तीन नंबर लिहून घ्या: मशीनचा नंबर, केसचा नंबर आणि मॉडेलचा नंबर. जुन्या ओमेगात घड्याळाचा नंबर मशीनवर आणि मॉडेलचा नंबर झाकणाच्या आत असतो. जुन्या रोलेक्स ऑयस्टरमध्ये मॉडेलचा नंबर बाराच्या बाजूच्या लग्जमध्ये आणि केसचा नंबर सहाच्या बाजूच्या लग्जमध्ये असतो, पट्टा काढल्याशिवाय दिसत नाही. मशीनच्या नंबरवरून निघणारे साल, मॉडेलच्या निर्मितीचा काळ आणि कॅलिबर (मशीनचा प्रकार) या तिघांचा मेळ बसला पाहिजे. एक-दोन वर्षांचा फरक चालतो, कारण मशीन बनवून ठेवत आणि केस नंतर बसवत. दहा वर्षांचा फरक चालत नाही.

नंबरांव्यतिरिक्त धातू स्वतः बोलतो. क्राउनची दांडी केसच्या नळीतून सरळ येते का, की किंचित वर-खाली घासते? मशीन धरणाऱ्या पट्ट्यांच्या खुणा केसच्या आतल्या कडेवर त्याच जागी आहेत, की दुसऱ्याही जागी जुन्या खुणा दिसतात? मशीनभोवती नव्या चकचकीत पितळेची कडी घातली आहे का? केसच्या आतून कानस मारलेली दिसते का? यांतली एखादीही गोष्ट असली तर हे मशीन इथे मागाहून आलेले असू शकते.

बाकी मशीनमध्ये स्क्रूची डोकी पाहा. खाचांच्या कडा चुरलेल्या असतील तर कामचलाऊ हात फिरलेले आहेत. दांडीच्या आसपास गंज, ऑटोमॅटिकमध्ये (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळात) रोटरने, म्हणजे आतल्या फिरत्या वजनाने, झाकणाला आतून काढलेला गोल ओरखडा (रोटरचा आस झिजल्याची खूण), आणि पुलावरच्या नक्षीपट्ट्या एका भागावर धारदार तर दुसऱ्यावर पुसट, हे सगळे टिपून ठेवा. झाकणाच्या आत सुईने कोरलेल्या घड्याळजींच्या बारीक खुणा मात्र चांगल्या. घड्याळाची वेळोवेळी देखभाल झाल्याचा तो पुरावा असतो.

चालवून पाहणे

चावी देताना टिकटिक सारखी लागली पाहिजे. मध्येच सटकणे म्हणजे क्लिक (चावी उलटी फिरू न देणारी खुंटी) किंवा रॅचेटचे, म्हणजे चावीच्या चाकाचे, दात गेलेले. वेळ लावताना काटे सैल फिरले तर कॅनन पिनियन (मिनिटाचा काटा बसवलेले नळीसारखे चाक) ढिले झालेले असते, आणि मग मशीन बरोबर चालूनही काटे मागे पडतात.

पूर्ण चावी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी टाइमग्राफर लावा. आधी मशीनचा लिफ्ट अँगल (त्या प्रकारच्या मशीनचा ठरलेला कोन) बरोबर भरा, नाहीतर अँप्लिट्यूडचा (बॅलन्सचे चाक किती अंश डोलते त्याचा) आकडा खोटा येतो. उदाहरणार्थ, ओमेगाच्या ५५० मालिकेला ४९ अंश भरावे लागतात आणि तिचे ठोके तासाला १९,८०० आहेत. तबकडी वर असताना अँप्लिट्यूड २६० ते ३०० अंश असेल तर उत्तम. २२० च्या आसपास म्हणजे सर्व्हिस बाकी आहे. २०० च्या खाली गेले तर नुसते तेल सुकलेले नसून झीजही असू शकते. उभ्या स्थितीत ३०-४० अंश कमी येणे स्वाभाविक. बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक) एक मिलिसेकंदाच्या आत असावी. दिवसाला पाच-दहा मिनिटे पुढे पळणारे घड्याळ बहुधा चुंबकाच्या जवळ गेलेले असते, आणि डीमॅग्नेटायझरने हा दोष लगेच जातो. त्या एका कारणावरून सौदा मोडू नका.

क्रोनोग्राफ असेल तर सुरू, बंद, शून्य हे दहा-बारा वेळा करा. काटा दर वेळी नेमका बाराच्या रेषेवर आला पाहिजे, आणि मिनिटांचा काटा साठाव्या सेकंदाच्या आसपास पुढे सरकला पाहिजे. कॅलेंडरचे घड्याळ असेल तर काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान असताना तारखेची बटणे दाबू नका. त्या वेळी दात एकमेकांत गुंतलेले असतात आणि दाबल्यास मोडतात.

कागद

पाटेक फिलिप, व्हॅशरॉन काँस्टांटिन अशा कंपन्यांच्या जुन्या नोंदींतून घड्याळाचा उतारा मिळण्याची सोय राहिलेली आहे. अशा उताऱ्यात नंबर, धातू आणि निर्मितीची तारीख मिळू शकते. त्याची किंमत खरीच, पण तो सांगतो ते घड्याळ कारखान्यातून निघाले त्या दिवसाचे. आज तुमच्या हातात असलेली तबकडी तीच आहे असे उतारा सांगत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक स्टीलचे ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेले. २०२३ मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून बनवलेले असल्याचे जाहीर झाले. इतक्या किमतीला हे घडू शकते, तर कागद आणि भिंग दोन्ही वापरायला हवेत.

बोली किती लावावी

बदललेली प्लॅस्टिकची काच, नवा पट्टा, बदललेला क्राउन, बाकी असलेली सर्व्हिस हे सगळे सुधारता येते. त्याचा खर्च काढून तेवढी रक्कम बोलीतून कमी करा. पुन्हा रंगवलेली तबकडी, दुसऱ्या घड्याळाचे मशीन आणि पॉलिशने गोल झालेले लग्ज परत आणता येत नाहीत. अशा घड्याळाला सोने आणि चालू मशीन यांच्यापुरतीच किंमत द्यावी, मग तबकडीवर नाव कितीही मोठे असो. लिलावात हातोडी पडते त्या आकड्यावर खरेदीदाराचे शुल्क वेगळे लागते. मोठ्या लिलावांत ते वीस टक्क्यांहून अधिक असते, तेव्हा आपली मर्यादा ते धरूनच ठरवा. लिलावापूर्वी कंडिशन रिपोर्ट लेखी मागवा आणि त्यात 'तबकडी मूळ आहे का', 'केसवर भरणकाम झाले आहे का' हे दोन प्रश्न थेट विचारा. 'वयाला साजेशी' अशा उत्तरावर समाधान मानू नका.

घेतल्यानंतर

पहिल्याच सर्व्हिसला घड्याळजीला लेखी द्या: केस पॉलिश करायची नाही, तबकडी आणि काटे स्वच्छही करायचे नाहीत, काढलेला प्रत्येक जुना भाग पाकिटात परत हवा. 'पॉलिश नको' हे तोंडी सांगून भागत नाही, कारण अनेक दुकानांत ते सर्व्हिसचाच भाग म्हणून आपोआप होते. सर्व्हिस होईपर्यंत घड्याळ रोज चालवू नका. सुकलेल्या तेलावर चालणारे मशीन आसांच्या टोकांना खाते. नंतर नियमित वापर असेल तर साधारण चार-पाच वर्षांनी पुन्हा तपासून घ्या.

जुन्या सोन्याच्या ड्रेस वॉचला पाण्यापासून लांब ठेवा, झाकणावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेले असले तरीही. पट्टा बदलताना लग्जच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावा, म्हणजे हत्यार सटकले तरी ओरखडा पडत नाही. मगरीच्या कातड्याचा पट्टा लावून घड्याळ परदेशी पाठवू नका. संकटग्रस्त प्राण्यांच्या व्यापारावरील सायटिस कराराच्या नियमांमुळे ते सीमेवर अडकू शकते. पट्टा काढून नुसते घड्याळ पाठवा, आणि विम्यासाठी मशीन व केसच्या नंबरांचे फोटो पार्सल बंद करण्यापूर्वी काढून ठेवा.